बी-दाराचा कॅमेरा आणि नेवेनाचे लाल बूट

एवदोकियाबाईंच्या बरण्या तळघरातून नाहीशा झाल्या, तेव्हा प्रोदान इलिएवला इमारतीच्या बी-दाराचा, म्हणजे त्या जिन्यावरच्या सगळ्या घरांचा, अध्यक्ष होऊन जेमतेम आठवडा झाला होता. अध्यक्ष म्हणजे त्याने काही निवडणूक वगैरे लढवली नव्हती. तो सभेला उशिरा पोचला, आणि उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात अध्यक्षपद घालायचं अशी त्या जिन्याची जुनी पद्धत होती. पण पद कसंही येवो, एकदा आलं की माणूस जरा ताठ चालायला लागतो. प्रोदानचं रुसे शहराच्या भर पेठेत चष्म्यांचं दुकान होतं. "आता वरची ओळ वाचा, आता खालची" हे सांगण्यात ज्याची उमर गेली, त्याला आता अख्खा जिना आपलं ऐकणार याचं अप्रूप वाटलं तर त्यात नवल काय?

बरण्या ल्युतेनित्साच्या होत्या. सप्टेंबरभर गॅलरीत उभं राहून लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, टोमॅटोबरोबर तासन्‌तास आटवायच्या, हात रंगवून घ्यायचे, आणि मग ते बरणीबंद करून हिवाळ्यासाठी तळघरात ठेवायचं. असला ऐवज चोरीला जाणं म्हणजे नुसती चोरी नव्हे, तो अब्रूवरचा दरोडा होता.

"मी तीस वर्षं मुलांना फ्रेंच शिकवलं," एवदोकियाबाई जिन्याखालच्या तातडीच्या सभेत म्हणाल्या, "पण असला रानटीपणा पाहिला नाही. आज बरण्या गेल्या. उद्या आम्ही जाऊ."

"तुम्हाला कोण नेतंय, बाई?" तिसऱ्या मजल्यावरचा टॅक्सीवाला मिन्चो पुटपुटला.

"ऐकलंय मी ते!"

कर्नल झाप्रियानोव उभे राहिले. ते सैन्याच्या संदेश खात्यातून निवृत्त झाले होते. जुन्या काळात कोण कोणाशी फोनवर काय बोलतं हे ऐकणं त्यांच्या कामात बसत होतं की नव्हतं, हे त्यांना कोणी विचारत नसे आणि ते सांगत नसत. "टेहळणी!" ते म्हणाले. "टेहळणीशिवाय बंदोबस्त नाही. कॅमेरा लावा."

तळमजल्यावरचे वकील बाल्ताजिएव लगेच म्हणाले, "माझा विरोध नोंदवा." त्यांचा विरोध दर सभेत नोंदवला जाई. एकदा तर सभा सुरू व्हायच्या आधीच नोंदवला होता. "माझा चेहरा ही माझी खाजगी मालमत्ता आहे. तो कोणी बघायचा हे मी ठरवणार."

"तुमचा चेहरा कोणाला बघायचाय हो?" मिन्चो म्हणाला, आणि ठराव एकमताने, म्हणजे बाल्ताजिएव सोडून, पास झाला.

कॅमेरा खरं तर तळघरात लावायचा होता. पण तळघरात इंटरनेट पोचेना. मिन्चोचा मेव्हणा शिडीवर चढून, खाली उतरून, वायर ओढून, वायर गुंडाळून दमला, आणि शेवटी म्हणाला, "बाहेरच्या दारावर लावू या की. चोर काय भुयारातून येतो?" हे पटण्यासारखं होतं. मग त्याने दारावरच्या भिंतीला भोक पाडायला ड्रिल चालवलं आणि एका झटक्यात इमारतीच्या सगळ्या बेलच्या वायरी तोडल्या. त्या त्याने संध्याकाळपर्यंत जोडूनही दिल्या, फक्त आपल्या मर्जीप्रमाणे. तेव्हापासून कर्नलांची बेल दाबली की एवदोकियाबाईंकडे वाजे, एवदोकियाबाईंची दाबली की मिन्चोकडे, आणि मिन्चोची दाबली की कुठेच नाही. मिन्चोने मात्र याबद्दल कधीच तक्रार केली नाही.

कॅमेरा स्वस्तातला होता, पण त्याला दाराशी बोललेलं ऐकू येई आणि वाचाही होती. दारासमोर काहीही हललं की त्यातून एक बाई परक्या भाषेत काहीतरी ठणकावून सांगे. काय सांगे ते कोणालाच कळत नव्हतं. कबुतर बसलं तरी बोले, कागद उडाला तरी बोले. मिन्चोच्या मते ती शिव्या देत होती. एवदोकियाबाई येता-जाता तिला "बोंजूर" म्हणू लागल्या. कर्नलांनी दोन दिवस कान देऊन ऐकलं आणि गंभीरपणे जाहीर केलं की हा सांकेतिक संदेश आहे, मात्र कोणाला पाठवला जातोय याचा तपास लागायला वेळ लागेल.

मग प्रश्न आला पासवर्डचा. कॅमेऱ्यातलं चित्र फोनवर दिसायचं, पण त्याला पासवर्ड हवा. प्रोदानचं म्हणणं होतं की तो त्याने एकट्याने ठरवावा.

"म्हणजे तुम्ही एकटेच बघणार?" एवदोकियाबाईंनी विचारलं.

"मी बघणारच नाही. कोणीच बघायचं नाही. चोरी झाली तरच बघायचं."

"मग तर पासवर्ड सगळ्यांच्या संमतीनेच ठरला पाहिजे," कर्नल म्हणाले. "लोकशाही आहे."

मग लोकशाही झाली. कर्नलांना पासवर्ड 'शिपका' हवा होता, कारण तिथे लढाई झाली होती. एवदोकियाबाईंना 'बोंजूर' हवा होता, कारण आपल्या जिन्याला थोडी संस्कृती असावी. मिन्चोला 'दुनाव', नदीसाठी नव्हे, फुटबॉलच्या संघासाठी. बराच वेळ आरडाओरडा होऊन शेवटी 'शिपकाबोंजूरदुनाव' असा तोडगा निघाला. तो सगळ्यांनी हात वर करून, मोठ्याने उच्चारून मंजूर केला, आणि त्यानंतर सगळ्यांनी मिळून शपथ घेतली की हा पासवर्ड कोणीही वापरणार नाही. वकील बाल्ताजिएव यांनी तर जाहीर सांगितलं की आपल्या फोनवर असलं काही दिसतच नाही, आणि दिसलं असतं तरी आपण तत्त्व म्हणून डोळे मिटले असते.

शपथ पाळणारा माणूस त्या इमारतीत एकच निघाला. तो म्हणजे प्रोदान. पासवर्ड विसरायला त्याला फक्त एक रात्र लागली.

बाकीच्यांचं काय चाललं होतं ते त्याला दिसायला हवं होतं, कारण लक्षणं उघड होती. कर्नल कचरा टाकायला जाताना दाढी करून जाऊ लागले. एवदोकियाबाई तोच कचरा टोपी आणि हातमोजे घालून नेऊ लागल्या. मिन्चोची बायको पाव आणायला जाताना ओठ रंगवू लागली. फक्त बाल्ताजिएव वर्तमानपत्र तोंडासमोर धरून येत-जात, आणि त्यामुळे आठवड्यातून दोनदा पायरी चुकून पडत. प्रोदानने याचा अर्थ असा लावला की सुरक्षित वाटलं की माणसं नीटनेटकी राहतात. हे त्याने बायकोला सांगितलंही.

"हो?" नेवेना म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि घरी आल्यावर कमी बोलायची. "आज मंगळवार. मला गाण्याच्या तालमीला जायचंय. जेवण ओव्हनमध्ये आहे."

"जा, जा," प्रोदान म्हणाला. तालीम कसली, कुठे, कार्यक्रम कधी, हे त्याने विचारलं नाही. त्याला एक फलक लिहायचा होता.

कारण बाल्ताजिएव यांनी तक्रार केली होती. लोकांच्या खाजगी माहितीची राखण करणारं कार्यालय सोफियात होतं, आणि बाल्ताजिएव यांनी तिथे इतकं लांबलचक पत्र धाडलं की त्याला अनुक्रमणिका जोडावी लागली. त्यात त्यांनी कॅमेऱ्यातलं आपलं सगळं चित्रण मागितलं होतं. एक दिवस ते प्रोदानच्या दारात उभे राहिले.

"माझं चित्रण द्या."

"मी ते पाहिलेलंच नाही."

"पाहिलं नाही, तर त्यात मी आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"ठाऊक नाही."

"मग त्यात मी नाही असं लिहून द्या."

"ते पाहिल्याशिवाय कसं लिहून देऊ?"

"म्हणजे पाहणार! बघा, कबूल केलंत!"

प्रोदान त्या दिवशी जेवला नाही. यथावकाश सोफियाहून उत्तर आलं आणि ते अगदी सभ्य होतं. कॅमेरा ठेवायला हरकत नाही. मात्र दारावर ठळक फलक हवा, आणि इमारतीपुढची जागा सार्वजनिक असल्यामुळे तिथून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे दिसता कामा नयेत. कॅमेरा खाली वाकवावा. मिन्चोचा मेव्हणा पुन्हा शिडीवर चढला आणि त्याने कॅमेऱ्याची मान इतकी खाली घातली की तो शिक्षा झालेल्या मुलासारखा दिसू लागला. आता अगदी दाराशी येऊन कोणी वर पाहिलं तरच चेहरा दिसे. समोर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची फक्त चाकं आणि दारांचा खालचा भाग दिसे, आणि माणसांचे गुडघ्यापासून खालचे पाय.

त्याच सुमारास बरण्यांचा पत्ता लागला. वार्नाहून एवदोकियाबाईंच्या लेकीचा फोन आला की आई, तू बसने पाठवलेला ल्युतेनित्सा यंदा फारच छान झालाय, अजून असेल तर पाठव. ही गोष्ट एवदोकियाबाईंनी स्वतःपाशीच ठेवली असती, पण त्यांची बेल आपल्याकडे वाजली हे सांगायला मिन्चो तेव्हा त्यांच्या दारात उभा होता आणि त्याने सगळं ऐकलं. सभा भरली. प्रोदान म्हणाला, "मग आता कॅमेरा काढायला हवा. चोरच नव्हता."

सभेत अशी शांतता पसरली, जशी मयताच्या घरी कोणी हसलं की पसरते.

"घाई कशाला?" कर्नल म्हणाले.

"चोर नव्हता म्हणून होणारच नाही असं कुठे आहे?" एवदोकियाबाई म्हणाल्या.

"आता फलकसुद्धा लावलाय," मिन्चो म्हणाला. "काढला तर भिंतीला भोक दिसेल."

आणि सगळ्यांना आश्चर्य वाटलं ते याचं, की बाल्ताजिएव यांचा विरोध नव्हता.

यानंतर प्रोदानच्या आयुष्यातला सुखाचा काळ सुरू झाला. तो थोडाच टिकला, पण होता मोठा गोड. लोक त्याच्याशी अचानक चांगले वागू लागले. एवदोकियाबाई एका शुक्रवारी गरमागरम बानित्सा घेऊन आल्या, चीज भरलेला, पापुद्रे सुटलेला, लोण्याने चमकणारा. "खा," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या गालाला हात लावला. "माणसाने खाल्लं पाहिजे. काही झालं तरी खाल्लं पाहिजे." मिन्चोने त्याला दुकानापर्यंत टॅक्सीने सोडलं आणि उतरताना घरी गाळलेल्या राकिया दारूची बाटली हातात कोंबली. "आपण पुरुष," तो म्हणाला, "आणि काय बोलणार?" कर्नल भेटले की सलाम करून हात हातात घेत आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ सोडत नसत. कळस म्हणजे बाल्ताजिएव यांनी सगळ्या तक्रारी मागे घेतल्या. "अशा वेळी मी तुमच्या विरोधात उभा राहणार नाही, इलिएव," ते म्हणाले. "वकिलालासुद्धा मन असतं."

"लोकांना माझ्या कामाचं मोल कळायला लागलंय," प्रोदानने बानित्सा खाता-खाता नेवेनाला सांगितलं. "उशिरा का होईना. मिन्चो म्हणत होता, एवढं सोसून उभं राहणारा माणूस पाहिला नाही. मी नगरपालिकेला उभा राहिलो तर कसं?"

"बघ बाबा," नेवेना बूट चढवत म्हणाली. बूट नवे होते, लाल, सपाट तळव्यांचे. "मला उशीर होतोय."

प्रोदानने त्या आठवड्यात नवा सूट शिवायला टाकला.

शेवटी कर्नलांना राहवलं नाही. त्यांनी त्याला जिन्यात गाठलं, वर-खाली पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"इलिएव, मी सैनिक आहे. सरळ बोलतो. घुसखोरी झाली आहे."

"पुन्हा बरण्या?"

"बरण्या नव्हेत. तुमच्या हद्दीत झाली आहे."

"आमच्या तळघरात?"

"तळघरात नाही हो! वर!"

"माळ्यावर?"

कर्नलांनी डोळे मिटून घेतले. "दर मंगळवारी आणि शुक्रवारी. पांढरी गाडी. तपकिरी बूट. चामडं उत्तम, पॉलिश रोजचं. माणूस शिस्तीचा आहे हे कबूल करावं लागेल."

"कोणाकडे येतो?"

"येत नाही. नेतो."

"काय नेतो?"

कर्नलांनी टोपी काढून छातीशी धरली. "लाल बूट, इलिएव. लाल बूट."

 प्रोदान म्हणाला, "ती तालमीला जाते. एवदोकियाबाईंच्याच गायनवृंदात आहे."

"एवदोकियाबाई म्हणतात, ती सप्टेंबरपासून तालमीला आलेली नाही."

बानित्सा, राकिया, सलाम, बाल्ताजिएवचं मन, सगळं एकदम प्रोदानच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि आपण मोठे पुढारी नसून बिचारे आहोत हे त्याला जिन्याच्या मधल्या पायरीवर कळलं. दुःखाआधी त्याला नव्या सुटाची आठवण आली, कारण शिंप्याने कापड कापलं होतं.

"मला बघायचंय," तो म्हणाला. "पण पासवर्ड..."

"शिपकाबोंजूरदुनाव," कर्नल श्वासही न घेता म्हणाले. मग खोकले. "अंदाजाने सांगतोय."

त्यांनी त्याला दिवस, वेळ, सगळं काढून दिलं, इतक्या सफाईने की जणू रोजचा पेपर उघडत होते. प्रोदानने चष्मा पुसला. दुसऱ्यांचे डोळे तपासण्यात आयुष्य घालवलेला तो माणूस नाक पडद्याला लागेपर्यंत वाकून बघू लागला. गाडीचं चाक. दाराचा खालचा भाग. दार उघडलं. तपकिरी बूट बाहेर आले, अदबीने बाजूला झाले. लाल बूट आले. आत गेले. दार हळूच, फार हळूच लावलं गेलं. आणि तपकिरी बूट गाडीला वळसा घालून, ताठ चालीने दिसेनासे झाले. प्रोदानने तिच्यासाठी दार कधी उघडून धरलं होतं, हे त्याला आठवेना. ते आठवून बघण्यात त्याचं बाकीच्या गोष्टींकडे लक्ष गेलं नाही.

शुक्रवारी "तालमीला जाते" म्हणून नेवेना खाली उतरली, आणि प्रोदान मागच्या दाराने मिन्चोच्या टॅक्सीत शिरला. स्वतःची गाडी तिने ओळखली असती. मिन्चोने इंजिन चालूच ठेवलं होतं.

"सव्वीस वर्षं टॅक्सी चालवतोय," तो हात चोळत म्हणाला, "पण 'त्या गाडीमागे घे' असं मला एकदाही कोणी म्हटलं नाही. म्हणा."

"काय म्हणू?"

"तेच."

"मिन्चो, माझा संसार मोडतोय!"

"म्हणून तर म्हणतोय, एकदा म्हणा. काही गोष्टी रीतसर झाल्या पाहिजेत."

"त्या गाडीमागे घे," प्रोदान कसाबसा म्हणाला आणि मागच्या सीटवर आडवा झाला.

पाठलाग निघाला, पण त्यात पाठ फार होती आणि लाग काहीच नव्हता. पांढरी गाडी आणि टॅक्सी यांच्यामध्ये एक बस शिरली होती, आणि सगळं बैलगाडीच्या चालीने चाललं होतं. मिन्चो बेचैन झाला. "काय हो हे? पळून जाणारी माणसं इतकी हळू पळतात का? बघा, सायकलवाला पुढे गेला. आजीबाई पुढे गेल्या. पिशव्या घेऊन!"

"घाबरले असतील," प्रोदान खालून म्हणाला.

"थांबले. परत निघाले. परत थांबले. अहो, हिरवा दिवा लागलाय आणि हा ढिम्म! अशा माणसाच्या हातात बायको देऊ नये हो, खरं सांगतो."

स्टेशनच्या चढावर सगळी रहदारीच थांबली. मागून हॉर्नचा गजर सुरू झाला. बसने वैतागून बाजूची वाट काढली, आणि समोरची पांढरी गाडी प्रथमच पूर्ण दिसली. मिन्चोने डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाला, "इलिएव, उठून बसा."

प्रोदान उठला. गाडीच्या टपावर एक पिवळी पाटी होती, शिकाऊ चालकाची, लांबूनही वाचता येईल अशी, चष्म्याशिवायसुद्धा. आणि स्टिअरिंगमागे, दोन्ही हातांनी ते घट्ट धरून, मान पुढे काढून, नेवेना बसली होती.

प्रोदान उतरून चढ चढून गेला. त्याने काचेवर टकटक केलं. नेवेनाने काच खाली केली. ती घामेजली होती आणि तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"आत्ता नको," ती म्हणाली. "क्लच."

"नेवेना, हे काय?"

"चढावर गाडी बंद पडली, दुसरं काय!"

"मला का नाही सांगितलंस?"

आता मात्र तिने पाहिलं. "सांगायचं? तुला? लग्नानंतर तू मला एकदा गाडी शिकवायला नेलंस, आठवतं? ती आलुबुखाराच्या झाडावर गेली. झाडाला काही झालं नाही. गाडीला काही झालं नाही. पण ती गोष्ट तू नामकरणांना सांगितलीस, लग्नांना सांगितलीस, माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धालासुद्धा सांगितलीस. माझा आवाज काढून! 'प्रोदान, ब्रेक कुठला रे?' अशी मी बोलते?"

 ती तशी बोलत नव्हती. तो आवाज प्रोदानने हशासाठी बनवला होता, आणि इतकी वर्षं तो हमखास चालत आला होता.

"लोकांना वाटतंय, तू..." त्याने शेजारी बसलेल्या तपकिरी बुटांकडे पाहिलं. बुटांच्या वर एक पिकल्या मिश्यांचा, थकलेला, साठीचा गृहस्थ होता. "तुझं आणि यांचं..."

"कोणाला वाटतंय?"

"सगळ्यांना. ते कॅमेऱ्यात बघतात. पायच दिसतात ना."

 नेवेनाचे खांदे हलू लागले. ती रडतेय असं वाटून प्रोदान घाबरला, पण ती हसत होती. इतकी, की तिचा पाय ब्रेकवरून सुटला आणि गाडी वीतभर मागे घरंगळली. मिश्यावाल्या गृहस्थाने शांतपणे आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.

"माझं नाव आसेन," तो म्हणाला. "यांना मी क्लचच्या पलीकडे काही शिकवलेलं नाही. साहेब, एक तर आत बसा नाहीतर बाजूला व्हा. मागे दूधवाला लॉरीतून उतरलाय आणि त्याच्या हातात पाना आहे."

प्रोदान आत बसला. मिन्चोने टॅक्सीतून हे सगळं पाहिलं, सगळं समजून घेतलं, आणि फोन काढून बायकोला फक्त एवढंच कळवलं: "नवरा त्याच गाडीत चढला! आता घरीच येतायत. कॅमेरा लावून बस, आणि वर कर्नलांनाही सांग." खरं बोलायला त्याची हरकत नव्हती, पण चांगल्या गोष्टीचा शेवट आधी फोडणाऱ्यांचा त्याला तिटकारा होता.

परतीच्या वाटेवर प्रोदानने एकदाही "सावकाश" म्हटलं नाही. त्याने मागच्या सीटची गादी दोन्ही मुठींत धरली होती आणि चौकाचौकात त्याचा उजवा पाय आपोआप जमीन दाबत होता. एकदा एक खांब फार जवळून गेला, तेव्हा तो म्हणाला, "छान हवा आहे आज." नेवेनाने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. आणि पुढचं वळण तिने जरा मोठं घेतलं.

बी-दारासमोर गाडी थांबली. दारांची उघडझाप झाली. लाल बूट, तपकिरी बूट आणि आता अध्यक्षांचे काळे बूट. पाच मजल्यांवर किती श्वास रोखले गेले असतील याची कल्पनाच केलेली बरी. कोणत्याही खिडकीत चिटपाखरू नव्हतं. पडदे असे नीट ओढलेले होते, जणू सगळं बी-दार आज गावाला गेलं आहे.

"जागा नाही," आसेन म्हणाला. "पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. गाडी उलटी घेऊन लावायचा सराव इथेच केला असता, पण गाड्या फार आहेत. आणि बाईंचा अंदाज मागच्या बाजूला अजून..." त्याने योग्य शब्द शोधला. "उदार आहे."

नेवेनाने रांगेकडे पाहिलं. कर्नलांची जुनी, पण काचेसारखी घासलेली गाडी. बाल्ताजिएव यांची नवी काळी गाडी. मिन्चोच्या बायकोची छोटी. मग ती सरळ दाराशी गेली, कॅमेऱ्याखाली उभी राहिली आणि मान वर केली. आतली बाई आपल्या भाषेत काहीतरी ठणकावून बोलली. ती थांबेपर्यंत नेवेना थांबली.

"नमस्कार," ती म्हणाली. "तुम्ही सगळे बघताय, म्हणून प्रत्येकाची बेल वाजवत बसत नाही. तशीही ती भलतीकडेच वाजते. हे आसेन, मला गाडी शिकवतात. आत्ता मी ही गाडी उलटी घेऊन, या रांगेत, तुमच्या गाड्यांच्या मधे लावणार आहे. मला ते अजून नीट जमत नाही."

ती वळली, गाडीत बसली आणि इंजिन सुरू केलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग जिन्यात, अगदी वरपासून, दारं आपटू लागली आणि सपातांचा असा धो धो लोंढा खाली आला की कबुतरं उडाली. सगळ्यात पहिले बाहेर पडले ते वकील बाल्ताजिएव, गळ्यात जेवणाचा रुमाल, एका हातात किल्ली, आणि दुसऱ्या हातात तो फोन, ज्यावर असलं काही दिसत नव्हतं. तो अजून चालू होता आणि त्यात बाल्ताजिएव यांचेच पाय पळताना दिसत होते. पाठोपाठ अर्ध्या गालाला साबण लावलेले कर्नल, "शिस्तीने! शिस्तीने!" म्हणून ओरडत आणि बाकीच्यांना कोपराने ढकलत. मिन्चोची बायको डोक्यात रोलर गुंडाळून. एवदोकियाबाईंकडे गाडी नव्हती, पण त्या दारापुढच्या आपल्या जिरेनियमच्या कुंड्या पोटाशी धरून आत नेत होत्या. कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. "सहज खाली आलो होतो," एवढं मात्र प्रत्येक जण प्रत्येकाला सांगत होता.

प्रोदान पायरीवर उभा होता. हातांची घडी घालून, ताठ, अध्यक्षाला शोभेल असा. महिनाभर ज्यांनी आपली कीव केली ती माणसं सपाता घालून पळताना बघण्यात जे सुख आहे, ते तो सावकाश, घोट घोट घेत होता. इतक्यात नेवेनाने काचेतून मान बाहेर काढली.

"प्रोदान, ती निळी गाडी कोणाची?"

त्याने पाहिलं. रांगेत आता एकच गाडी उरली होती, एकटी, मधोमध.

"आपली," तो म्हणाला, आणि खिसे चाचपत जिन्याकडे धावला.